भिंतीमागचं मशीन

सोमवार, ४ मे

आजही त्या बाटल्यांसारख्या लाकडी पिना कोण उभ्या करतं ते दिसलं नाही! चेंडू जातो, धाडकन दहाही आडव्या. मग एक दांडी खाली येते, सगळं झाडून मागे नेते — आणि परत दहा उभ्या! लोक पॉइंट मोजतात. माझं लक्ष त्या मागच्या काळ्या फटीत.

शाळेला सुट्टी लागल्यापासून आई मला बाबांबरोबर बोलिंगच्या हॉलवर पिटाळते. बाबा काउंटरवर खेळायचे बूट देतात. म्हणतात, "मागे फक्त मेकॅनिक जातो. तू गेलीस तर माझी धडगत नाही."

बुधवार, ६ मे

पेले ओळीने उभे केले, लिंबाने पाडले. एक फुटला. आई भडकली. बाबा म्हणाले, "अगं, हिच्या डोक्यात मशीन शिरलंय." शिरलंयच! एका जागी बसवत नाही.

शुक्रवार, ८ मे

पाहिलं!!! बाबांनाच दया आली. "दोन मिनिटं. हात पाठीमागे." केवढा आवाज! पट्टा पिना मागे ओढतो, माणसाएवढं चाक त्यांना उचलून वर नेतं, वर प्रत्येकीला आपापला खळगा. माणूस कोणी नाहीच! मेकॅनिककाकांनी भिंतीवरचं लाल बटण दाखवलं. "हे दाबलं की सगळं गप्प."

उद्या परत विचारणार.

रविवार, १० मे

अक्षर वाकडं येतंय.

मेकॅनिककाका सुट्टीवर. हॉलमध्ये ही गर्दी! एक पिन अडकली, गिऱ्हाईकं ओरडायला लागली. बाबा मागे धावले, त्यांच्यामागे मी. घाईत मशीन बंद न करताच त्यांनी हात घातला — बाही पट्ट्यात! "अगं—" एवढंच म्हणाले. मी बटणावर अक्षरशः झेप घेतली.

सगळं गप्प.

दोन बोटं मोडली. हात वाचला.

सोमवार, ११ मे

नको ते मशीन. डोळे मिटले की पट्टा दिसतो.

बुधवार, १३ मे

मालक घरी आले, फळं घेऊन. "बटण कोणी दाबलं?"

"मीच," बाबा म्हणाले.

मालक प्लॅस्टरकडे बघत राहिले. "हात पट्ट्यात आणि बटण पार भिंतीवर?"

आईने मला चिमटा काढला. तरी तोंडून गेलंच — "मी दाबलं."

मालक उठले. चहा तसाच राहिला. आई म्हणाली, "हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही!" बाबा तो गार चहा मोरीत ओतून आले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

शुक्रवार, १५ मे

बाबांची नोकरी गेली. लहान मुलीला मागे नेलं म्हणून.

मी उशीत तोंड खुपसून पडले होते. बाबा शेजारी येऊन बसले. डाव्या हातात कागद, पेन्सिल. "आठ वर्षं मी पुढेच बसलो गं. त्या दिवशी तुला दाखवायला मागे आलो, तेव्हाही कोणी बघत नाही ना म्हणून दाराकडेच डोळे. ते चालतं कसं, सांग ना मला."

कागदावर पट्टा काढायला हात धजेना. चाकापासून सुरुवात केली.