गोधडी पांघरलेली बस

प्रिय हेरिन,

तू जेजूहून पाठवलेली संत्र्यांची पेटी परवा मिळाली. तळाची दोन-चार दबली होती, बाकी सगळी छान आहेत. अप्पांना रोज सोलून देते. ते प्रत्येक फोडीचं साल काढून घेतल्याशिवाय तोंडात घालत नाहीत आणि बी नसली तरी बी शोधत बसतात. एक संत्रं संपायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. दुह्यॉनला सांग, यंदा त्याच्या बागेत गोडी जास्त उतरलीय. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, मग ताई कागद-पेन घेऊन का बसली, असं तुला वाटेल. सांगते. पण आधी मला जरा इकडचं तिकडचं बोलू दे, नाहीतर मुद्द्यावर यायच्या आतच मी हे पान फाडून टाकीन.

गेल्या आठवड्यात तू उल्सानचं विचारलंस, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. "या वयात कुठे आता नवीन गाव नि नवी माणसं," असं काहीतरी म्हटलं. खरं असं आहे की तिथे मुख्य कारखान्यात त्यांना मी हवी आहे. बसच्या फ्युएल सेलला हवा किती द्यायची आणि उष्णता किती ठेवायची, हे सगळं काम माझ्या हाती देणार आहेत. सोल्लालची, नव्या वर्षाची सुट्टी लागायच्या आत हो की नाही ते कळवायचं. तू पटकन म्हणालीस, "जा ना गं ताई!" आणि लगेच, "पण अप्पांचं काय?" त्या 'पण'नंतर मीच घाईने म्हणाले की इथे सगळं ठीक आहे, आणि तुझ्या गेस्टहाऊसच्या गळक्या नळाची चौकशी केली.

लकव्याने उजवी बाजू गेल्यापासून अप्पांना गार वारा अजिबात सोसत नाही. सगळ्या खिडक्यांना ते फुग्यांचं प्लास्टिक चिकटवलंय, दारांच्या फटींना पट्ट्या लावल्यात, खालची जमीन दिवसरात्र तापवलेली. घरात औषधांचा, सोयाबीनच्या आमटीचा आणि अप्पांच्या गादीचा मिळून एकच वास झालाय. तो आता माझ्या कपड्यांनाही येतो. खिडकी बोटभर उघडली तरी आतून हाक येते, "मारायला बसलीस का मला?" मी बंद करते. मी कामावर असताना अप्पांकडे बघणारी बाई दुपारी जाते, मग शेजारची जुन्हीची आई डोकावते आणि मी आले की गॅलरीत उभं राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणते, "अशी लेक मिळायला नशीब लागतं गं बाई!" शेजारीण चांगली आहे, सूपही आणून देते. पण तिने असं म्हटलं की त्यानंतर आपल्याला तोंड उघडायची सोयच राहत नाही.

तुझ्या पाहुण्यांना तू सांगतेस ना, "माझी ताई बसला श्वास घ्यायला शिकवते"? मी तुझ्यावर चिडले होते, पण अगदी चूक नाहीये ते. हायड्रोजन टाकीत असतो, पण दुसरं अर्धं अन्न बाहेरच्या हवेतूनच घ्यावं लागतं. एक कॉम्प्रेसर ती हवा ओढतो आणि सेलच्या चळतीत ढकलतो. हवा कमी पडली की ती गुदमरते, जास्त झाली की आतला पातळ पडदा कोरडा पडतो. फार तापली तरी कोरडी, फार गार झाली तर तिनेच तयार केलेलं पाणी तिच्याच पोटात गोठतं. सुखाने जगायला मधली एवढीशी जागा. तिला त्या जागेत ठेवणं हे माझं काम, आणि ते मला येतं. माझ्याबद्दल एवढं एक वाक्य मी न लाजता लिहू शकते.

आता प्यो काकांबद्दल. गांगनुंगच्या डेपोत सगळ्यात जुने ड्रायव्हर, जन्म डिझेलवर गेलेला. हिवाळ्याच्या चाचण्यांसाठी घाटातून जाणारी नवी बस त्यांच्याकडे दिली आणि मी रोज त्यांच्यामागच्या सीटवर बसून आकडे बघते. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "इंजिनिअर बाई, ही गाडी आवाजच करत नाही. जिवंत आहे की नाही हे बघायला हिच्या नाकाशी सूत धरायचं का?" आता ते मला 'पोरी' म्हणतात आणि थर्मासमधला जवाचा चहा आधी मला देतात. त्या चहात काय टाकतात देव जाणे, पण मी पिते.

मंगळवारी आम्ही घाट चढत होतो. ओला बर्फ, जड, चिकट. गाडीत बाजाराची माणसं होती. कॉम्प्रेसर चढाला लागतं त्यापेक्षाही जास्त फिरतोय हे मी पाहिलं, उष्णताही वर चाललेली. मला वाटलं, चढ आहे, माणसं आहेत, निघेल. घाटमाथ्याच्या अलीकडचा बोगदा आला आणि बरोबर मध्यावर गाडीने बसकण मारली. दिवे मंद झाले. एकदम शांत. मागून कुणीतरी ओरडलं, "नवीकोरी ना ही? मग उतरून ढकला म्हणावं!" सगळे हसले. मग दोन्ही तोंडांना वाहनं अडकली, गाडीतली ऊब ओसरायला लागली आणि हसणं थांबलं.

मी उतरून मागे गेले. हवा घ्यायच्या जाळीवर एक गोधडी होती. फुलाफुलांची, जुनी, चारी कोपऱ्यांना सुतळीने घट्ट बांधलेली. ओला बर्फ तिच्यात मुरला होता, आतल्या उबेने वितळला होता आणि वाऱ्याने गोठून तिची फळी झाली होती. घाटाआधीच्या शेवटच्या थांब्यावर मी चहा घ्यायला गेले तेव्हा काकांनी ती बांधली होती, हे मागाहून कळलं. डिझेलवाले सगळे हिवाळ्यात हेच करायचे, पुढे पुठ्ठा नाहीतर गोधडी, इंजिन गारठू नये म्हणून. गेले काही दिवस ते गाडी उभी असताना बांधत आणि मी यायच्या आत सोडत होते. त्या दिवशी बर्फ बघून त्यांनी राहू दिली. ते माझ्यामागे येऊन उभे राहिले, टोपी हातात. "बायकोच्या हातची आहे," म्हणाले. "गारठेल बिचारी, म्हणून घातली गं. मायेने घातली." मी म्हटलं, काका, मला माहीत आहे.

आम्ही दोघांनी मिळून गाठी सोडल्या, नव्हे, कापल्याच. चळत निवेपर्यंत पुन्हा सुरू करता येत नव्हतं, म्हणून बोगद्याच्या भिंतीला टेकून थांबलो. आणि तिथे काकांनी मला विचारलं, "पोरी, हिला श्वास पुरत नव्हता तर ही बोलली का नाही? माझी जुनी गाडी कुरकुरायची, काळा धूर सोडायची, खोकायची, अगदी आईबाप काढायची म्हण ना. ही शिकलेली, मुकाट्याने चढत राहिली आणि एकदम मटकन बसली. निदान एक दिवा तरी लावायचा!"

दिवा होता, हेरिन. आम्हीच काढला. गेल्या वसंतात वाळवंटाकडून ती पिवळी धूळ आली तेव्हा हवेच्या गाळण्या सारख्या तुंबायच्या, दिवा लागायचा, ड्रायव्हर वैतागायचे, प्रवासी तक्रार करायचे. तेव्हा बैठकीत ठरलं की हवा कमी पडली तर कॉम्प्रेसरने गुपचूप जोर वाढवून भागवावं, गाडीतल्यांना त्रास कशाला. दिवा अगदी शेवटी, थांबताना. ते कामही माझ्याच हातचं. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, की आता आत काय चाललंय ते गाडीत बसलेल्याला कळतसुद्धा नाही. मी काकांना म्हणाले, "आम्हीच तिला तसं शिकवलंय." ते म्हणाले, "कशाला?"

मी रडायलाच लागले. बोगद्यात, गाड्यांच्या रांगेत, सगळ्यांदेखत, नाक गळेपर्यंत. काका घाबरले. खिडकीतून एका म्हाताऱ्या बाईने सुकवलेल्या मासळीचा तुकडा माझ्या हातात कोंबला आणि दटावलं, "खा आधी. रडून गाडी चालते का?" मी खाल्ला. थोड्या वेळाने गाडी सुरूही झाली. काकांनी ती ओली गोधडी घडी घालून स्वतःच्या सीटखाली ठेवली.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. काम संपलं की मी लगेच घरी जात नाही. डेपोत, बंद बसमध्ये, बसून राहते. घराकडे पाय वळत नाहीत. आणि रविवारी अप्पांना पेज भरवत होते. त्यांनी तिसऱ्यांदा तोंड फिरवलं, पेज माझ्या बाहीवर सांडली, आणि मी चमचा त्यांच्या तोंडात घुसवला. मुद्दाम, जोर लावून. ओठ फाटला. ते ओरडले नाहीत, हेरिन. खिडकी उघडली तर ओरडणारा माणूस, माझ्याकडे नुसता बघत राहिला, आणि मग त्याने तोंड उघडलं, शहाण्या मुलासारखं. जुन्हीच्या आईला मी सांगितलं की चुकून लागलं. तिने माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

फोन केला असता तर तू "ताई, कशी आहेस?" असं विचारलं असतंस आणि सवयीने माझ्या तोंडून 'ठीक आहे' निघून गेलं असतं. म्हणून पत्र. मी ठीक नाही. आज सकाळी मी उल्सानला हो कळवून आले आणि आधी तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मीच तुझ्या वतीने नाही म्हटलं असतं. सोल्लालच्या आधी ये आणि अप्पांना जेजूला घेऊन जा. जमेल का, असं मी विचारत नाहीये. तिथे थंडी कमी आहे, खिडकी उघडता येईल. पहिले काही दिवस ते तुझ्यावर ओरडतील, माझं नाव घेऊन हाका मारतील. मारू देत. संत्र्याच्या फोडी सोलून द्याव्या लागतात, ते तुला आता माहीत आहे. त्यांचा ओठ भरत आलाय. तो पूर्ण भरायच्या आत ये, म्हणजे तू तो बघशील आणि मला पुन्हा 'ठीक आहे' म्हणता येणार नाही.

वाट बघणारी,
तुझीच
ताई