लाडवातले बारीक दाणे

सॉल्ट लेक, कोलकाता

प्रिय शोभा,

क्षमावाणीचा, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागणारा तुझा निरोप येऊन आठ दिवस झाले, आणि मी उत्तर दिलं नाही. एरवी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी होते. यंदा तेवढंही जमलं नाही. फोन दोनदा हातात घेतला, पण तुझा आवाज ऐकला की मी विषय बदलीन. माझी खोड मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद. तुझ्या ऑपरेशननंतर मी तुला जे लाडू करून घातले, त्यांच्याबद्दल लिहायचंय.

इकडे सगळं ठीक. उदयची निवृत्ती पुढल्या मार्चात आहे. रविवारी मासळीबाजारात जातो, तासभर गप्पा मारतो आणि कोथिंबीर घेऊन परततो. पूजेच्या मांडवांचे बांबू रस्त्यावर येऊन पडलेत. तुमच्या क्वार्टरमध्ये कानपूरचं कुटुंब आलंय. माणसं चांगली आहेत, पण दार लावलेलं असतं. तू सांगलीला गेल्यापासून मी भाजीची वाटी घेऊन समोर गेलेली नाही.

सहा वर्षांपूर्वी गर्भाशय काढल्यावर तुझं हिमोग्लोबिन आठावर आलं होतं. लोहाच्या गोळ्यांनी पोट साफ होईना. अरुणभावजी दौऱ्यावर, त्यामुळे तुझा डबा माझ्याकडे. त्यात मी पडले आहारशास्त्राची डिप्लोमावाली. तुला सुक्या अंजिरांवर व्याख्यानच दिलं. लोह, कॅल्शियम, चोथा, सगळं एका फळात. रात्री दोन भिजत घाल, सकाळी पाण्यासकट खा. तू शांतपणे सांगितलंस की उंबराच्या जातीची फळं तुम्ही जैन खात नाही, त्यांत जीव असतात, आणि हा नियम तू आठव्या वर्षी आईबरोबर घेतलायस. मी हसले. वाळून खडखडीत झालेल्या अंजिरात कसले आलेत जीव, असं काहीबाही बोलले. तूही हसलीस, पण नाही म्हणजे नाही. ते मला झोंबलं गं.

दुसऱ्या दिवशी मी बडाबाजारात जाऊन दोरीत ओवलेल्या अंजिरांची माळ आणली. वाफवून, वाटून खजुरात अशी मिसळली की रंगावरून कळू नये. डबा तुझ्यापुढे ठेवला. तू लाडू फोडलास, आतले बारीक दाणे बोटानं चाचपलेस आणि विचारलंस, "सुनीती, यात अंजीर नाही ना?"

मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "वेडी का तू? खसखस आहे ती."

तू पंधरा दिवस रोज दोन खाल्लेस. महिन्याभरात हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं, आणि मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. उदयलासुद्धा सांगितलं नाही, म्हणजे चुकतंय हे आत कुठेतरी कळत होतं. परवा जुनी वही काढून तक्ते पुन्हा पाहिले. अंजीर गुणी आहे, पण त्याच्यावाचून अडावं असं काही नाही. कॅल्शियमला तीळ होते, पोटाला मनुका होत्या, आणि रक्त वाढवलं ते त्या गोळ्यांनी. तुला बरं करायला अंजीर लागतच नव्हतं. मला तुझ्या नियमावर कुरघोडी करायची होती. मैत्रिणीच्या आजारपणात मी एवढी खालच्या पातळीला गेले.

हे मी कदाचित तसंच दडपून ठेवलं असतं. पण यंदा नेहमीच्या ओळींखाली तू लिहिलंस, "तू माझ्यासाठी एवढं राबत होतीस आणि मी तुझ्या लाडवांवर संशय घेतला. सहा वर्षं मनात सलतंय. मला क्षमा कर." शोभा, तुझा संशय खरा होता. ते अंजीरच होतं. नियम तू मोडला नाहीस, तुझ्याकडून मी फसवून मोडून घेतला. त्याला काही प्रायश्चित्त असेल तर ते मला सांग, तू उपास करत बसू नकोस. माझ्याशी बोलणं सोडलंस तरी मी समजून घेईन. पण माझी क्षमा मागितलीस ती तेवढी परत घे. ती मला ठेवून घेता येत नाही.

तुझीच म्हणवून घ्यायला आज लाजणारी,
सुनीती