आधी शून्य, मग बाळ

ता. ३, सोमवार

पोहोचले. दोन मजले, छत्तीस पायऱ्या, चौऱ्याहत्तर किलोंची मी आणि मागून माझी बॅग उचललेले जावईबापू. त्यांनी तीनदा विचारलं, मावशी, जरा थांबायचं का? तिसऱ्यांदा मी म्हटलं, तुम्हाला दम लागला असेल तर थांबा, बॅग मी घेते. मग दोघंही थांबलो.

भाची दारातच उभी होती. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, असती तर आज तीच आली असती. ती नाही, म्हणून मी. लग्न नाही, मूल नाही, सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, तेव्हा बाळंतिणीच्या बाबतीत माझं ज्ञान निव्वळ ग्रांथिक. पण भाचीला ती एवढीशी असल्यापासून मी ओळखते, आणि गरम जेवण वाढून 'गप जेव' म्हणायला पदवी लागत नाही.

बाळ नऊ दिवसांचं, मुलगी. नावावरून दोन्हीकडची मंडळी भांडताहेत. तोवर मी तिला अनुस्वार म्हणायचं ठरवलं. दिसायला ठिपका, पण काढून टाकला तर सगळा अर्थच बदलतो. भाची हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, ओठ कोरडे पडले होते तिचे.

दुपारी दवाखान्यातून सिस्टर आल्या. जन्माच्या वेळी दोन किलो नऊशे भरलेली अनुस्वार आता दोन किलो सहाशे चाळीस आहे. पहिल्या आठवड्यात सगळीच बाळं थोडी उतरतात, पण एव्हाना चढायला लागायला हवं होतं, रोज पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणून चार दिवसांपूर्वी दवाखान्याने आपला वजनकाटा घरी ठेवायला दिलाय. पांढरं पसरट पारडं, पुढे आकड्यांची पट्टी, बाजूला एक निळं बटण. सिस्टरनी मला बजावलं: आधी शून्य, मग बाळ. निळं बटण दाबायचं, पट्टीवर शून्य येऊ द्यायचं, मगच ठेवायचं. जुना काटा आहे, रिकामा असला तरी काहीबाही दाखवतो.

माझ्यासारखाच म्हणायचा.

ता. ५, बुधवार

२,६४०. तसूभर फरक नाही.

भाची दिवसातून दहा-अकरा वेळा पाजते. खिडकीजवळ हात असलेली खुर्ची आहे, शेजारी स्टुलावर काटा. बाळ उजवीकडेच घेते. डावा हात सारखा भरून येतो म्हणे, मुंग्या येतात. मी चोळून दिला. उजव्यापेक्षा डावा हात जास्त थकलेला, हे मला विचित्र वाटलं, पण बाळंतिणीचं अंग. काय कुठे दुखेल सांगता येत नाही.

भाचीच्या सासूबाईंचा फोन. दूध पातळ असेल, आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही, वगैरे. भाचीने फोन माझ्या हातात दिला. मी अत्यंत आदराने विचारलं की आपल्या घराण्यातलं दूध कोणी, कधी, कशाने मोजलं होतं? जावईबापू स्वयंपाकघरात जाऊन एकटेच हसत होते.

ता. ७, शुक्रवार

२,६३५. उतरली.

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आणि शहाण्या. दूध पातळ ही भाषा त्यांनी एका वाक्यात मोडीत काढली. बाळाची जीभ पाहिली, तोंडात नीट धरते की नाही ते पाहिलं, दिवसात किती लंगोट ओले होतात ते विचारलं. मग पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर, दोनदा वजन करायला सांगितलं. शिवाय काढलेलं दूध दर वेळी वाटी-चमच्याने वरून द्यायचं. पुढच्या शुक्रवारपर्यंत वजन चढलं नाही तर भरती करून नळीने दूध द्यावं लागेल. असं राहिलं तर धोका आहे, हेही सांगितलं. गोड बोलून लपवलं नाही, हे मला आवडलं. भाचीला नाही आवडलं.

घरी आल्यावर पाजण्याआधी: २,६३५. वीस मिनिटं पाजलं. घुटके मी माझ्या कानांनी ऐकले, गटक, गटक, एका पाठोपाठ एक. पाजल्यावर: २,६३५.

वाटीतलं दूध दिलं, चाळीस मिली. २,६३५.

भाची भिंतीकडे तोंड करून झोपली. मी तिला म्हटलं, गणित चुकलं तर आधी फळा बघायचा, मुलीला नाही. काटा खोटा आहे, तू नाहीस.

ता. ९, रविवार

सकाळी हाहाकार. आनंदाचा.

नऊ वाजता मी बाळाला पारड्यात ठेवलं आणि आकडा आला ३,०५०. मी ओरडले. जावईबापू तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आले. भाची रडायला लागली. पट्टीचा फोटो निघाला, तो सासूबाईंना रवाना झाला, खाली ठसठशीत अक्षरांत: दूध पातळ!

तासाभराने सिस्टर आल्या. त्यांनी बाळ उचललं, बटण दाबलं, बाळ ठेवलं. २,६४०. मी शून्य करायला विसरले होते. पोरांच्या वह्यांवर आयुष्यभर ज्या चुकीला लाल शाई वापरली, ती मी स्वतः केली.

सगळे आपापल्या कामाला लागल्यावर मी रिकाम्या पारड्याकडे पाहिलं. सिस्टर गेल्यापासून बटणाला कोणी हात लावलेला नव्हता. तरी पट्टीवर आकडा पुन्हा चढलेला होता.

४१०.

ता. १०, सोमवार

रिकामं पारडं: ४४०. पुसून पाहिलं. हलवून पाहिलं. सपाट फरशीवर ठेवलं. ४४०.

ता. ११, मंगळवार

रिकामं पारडं: ४७०.

आमच्या जुन्या तर्कशास्त्रात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानलाय, अगदी क्रमांकासकट, सातवा. जमिनीवर घडा नाही, तर तिथे घड्याचा अभाव आहे, आणि तो खराखुरा 'आहे'. वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची. एकाने विचारलं होतं, बाई, अभावाचं वजन किती? मी त्याला बाकावर उभं केलं होतं.

त्याची क्षमा मागायला हवी. रोज तीस ग्रॅम, बाळा.

निरोगी तान्ह्या मुलीचं वजन रोज जेवढं वाढायला हवं, बरोबर तेवढं.

ता. १२, बुधवार

सकाळी अकराचं पाजणं. लख्ख ऊन खोलीत. मी मुद्दाम काट्यासमोर बसले, हातात शिवण घेतली, म्हणजे भाचीला संशय नको.

पाजायच्या आधी रिकामं पारडं: ४८५.

भाचीने बाळ उजवीकडे घेतलं. दोन मिनिटांत पट्टीवर आकडा पडला. ४८५, २००, ०. बटणाला कोणी हात लावला नाही. माझ्या देखत शून्य.

मी वर पाहिलं. भाचीचा डावा हात. उशीवर नव्हता, खुर्चीच्या हातावर नव्हता. कोपरात वाकलेला, पंजा वर वळवलेला. काहीतरी धरल्यासारखा. ती हळूहळू डोलत होती आणि तिला ते ठाऊक नव्हतं. गाउन डाव्या बाजूला भिजत होता.

पाजून झालं. पारडं: ५०५.

मी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. सुई बोटात गेली ते नंतर कळलं.

ता. १३, गुरुवार

भाची आंघोळीला गेल्यावर काटा उलटा केला. खाली कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, कोणत्या घरी कधी गेला, कधी परत आला. अकरा घरं. सिस्टरना फोन केला. विचारलं, या अकरा बाळांचं काय झालं? त्या म्हणाल्या, बहुतेक सगळी काटा परत केल्यावर सुधारली, आयांचं टेन्शन जातं ना. मी 'बहुतेक' हा शब्द उचलून विचारला. मग हळूच म्हणाल्या, ताई, तुम्ही फक्त शून्य दाबत जा, आम्ही सगळ्या तेच करतो.

तेच करतात. न बघता दाबतात, म्हणून कोणालाच कळत नाही की कोण जेवतंय.

घरातल्यांना हे सांगितलं तर माझीच भरती होईल. म्हणून खोकले. भरपूर खोकले. मला ताप आहे, जिना उतरवत नाही, बाळाला लागायला नको, तुम्ही सगळे नणंदेकडे जा. ती दोन रस्ते पलीकडेच राहते आणि बाळासाठी केव्हाची आसुसलेली आहे. जावईबापूंनी काटा उचलला. मी काढून घेतला. त्यावर मी शिंकलेय, म्हटलं.

दार लागलं. मी आणि तो.

ता. १४, शुक्रवार

दवाखान्यातून भाचीचा फोन. २,६८५! एका दिवसात पन्नास. भरती नको म्हणाल्या डॉक्टरीणबाई. मी इतकी ओरडले की खोटा खोकला खराच लागला.

पारडं: ४७०. उतरलं. भुकेलंय.

ता. १५, शनिवार

सिस्टरचा फोन. काटा परत हवा, सोमवारी न्यायला येते. जुळी मुलं आहेत, दोघंही बारीक, त्यांची आई रडून रडून अर्धी झालीय.

मी म्हटलं, काटा पडला, फुटला, भरपाई मी देते. त्या म्हणाल्या, तुकडे तरी द्या. नाही, म्हटलं. मग म्हणाल्या, ताई, तुम्ही शून्य दाबलं नाहीत का?

सेल काढले. आकडा तसाच: ४५५. हातोडीने पारड्याच्या चिरफळ्या केल्या. पट्टीवर: ४५५. फेकून द्यावा तर कोणीतरी उचलणार, आणि ज्याच्या घरात तान्हं आहे तोच उचलणार.

मग जेवले. पोटभर. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, डावा हात कोपरात वाकवला आणि त्याला सांगितलं: तिच्याकडे दोन किलो सहाशे होते. माझ्याकडे चौऱ्याहत्तर किलो आहेत. आयुष्यभर कमी करायला निघाले, जमलं नाही. ये. बघू आधी कोण संपतं.

आकडा शून्य झाला.

ऊबदार असेल असं वाटलं नव्हतं.

ता. १७, सोमवार

न्हाणीघरातल्या काट्यावर मी: ७१. पट्टीवर तो: १,९००. किंवा ती.

अनुस्वार २,७९०. सासूबाई म्हणे आता सगळ्यांना सांगतात, आमच्या घराण्यात बाळं उशिराच बाळसं धरतात.

सिस्टर आल्या होत्या. दार उघडलं नाही. आतूनच खोकले.

ता. १९, बुधवार

मी ६५. अंगठी गळून पडते. डावा हात खाली होतच नाही, कोपर सरळ करवत नाही. उजव्याने लिहितेय म्हणून बरं.

माझ्याकडे दूध नाही हे त्याला कळलंय. त्याला चालतं.

एकच आशा धरून बसलेय. कोणतंही मूल जन्मभर मांडीवर राहत नाही. वाढतं, धडपडतं, आपलं आपण उतरतं. याला आजवर कोणी पुरतं जेवू दिलं नाही. दर वेळी शून्य. मी जेवू घालेन. मोठं होईल, उतरेल, जाईल.

ता. २१, शुक्रवार

५८. अनुस्वार २,९३०! जन्माच्या वर गेली! भाची उद्या घरी यायचं म्हणते — नको म्हटलं — ताप — रागावले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. फोन ठेवून रडले. मग ते डोललं मांडीवर. मला उगी करायला —

ता. २२

५३. दात आलेत त्याला.

सकाळी जावईबापूंनी दार वाजवलं. मावशी, मावशी. छत्तीस पायऱ्या चढून आले, थांबले असतील मध्ये तीनदा. परत पाठवलं. जाताना म्हणाले, उद्या किल्ली घेऊन सगळेच येतो. बाळालाही —

ता. २३, दुपार

मांडी हलकी.

पट्टीवर शून्य. मांडीवर नाही, पारड्याच्या तुकड्यांत नाही — उतरलं. आपलं आपण. मी म्हटलं होतं ना —

फरशीवर पावलं. ओली, एवढीएवढीशी. दाराकडे गेलीत.

खाली जिन्यात आवाज. भाची हसतेय. अनुस्वार रडतेय, कसलं खणखणीत रडते आता — तेही ऐकतंय. दाराची साखळी हलतेय, खालच्या बाजूने —

साखळी घट्ट आहे. त्यांची किल्ली चालायची नाही. उठवत नाही मला, पण आवाज आहे अजून. वर्गातला. इकडे बघ, म्हटलं. इकडे. ते थांबलं.

अजून एकोणपन्नास किलो शिल्लक आहे, म्हटलं. सगळं तुझं. तिकडे काही नाही. हात वाकवला —

वळलं. ये. ये, बाळा, मी आहे ना इथे, तू फक्त