पाठकोरी पानं

३ जून

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पार्सल काल पोचलं. उशांचे अभ्रे चार, माझी पोलकी दोन, चष्म्याची पिशवी एक. टपालखर्च तुझा अठरा. मला फुकट, म्हणून जास्त वाईट वाटलं. ऑपरेशन तोंडावर असताना शिवणयंत्रावर बसायला कुणी सांगितलं होतं? शिवण मात्र सरळ आहे.

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, ‘दुसरी स्टेज’ आहे, असं तू लिहिल्यापासून घास उतरत नाही. चारांतली दुसरी, म्हणजे निम्मं आयुष्य संपलं, एवढा हिशेब मॅट्रिकवालीलाही कळतो. देवाला रोज विचारते, तो गप्प. तूच नीट लिही.

कोऱ्या कागदाची चैन नको, म्हणून हिशेबवहीची पाठकोरी पानं वापरली आहेत. मागे बघू नकोस; साखरेचा खर्च बघून दटावशील. मी ठीक. जरा थकवा असतो, वयच झालं.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस वाकून नमस्कार.

गणितात तू काठावर पास झालीस ते उगाच नाही. स्टेज म्हणजे उरलेलं आयुष्य नव्हे. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. पहिलीत गाठ लहान आणि जिथली तिथे. दुसरीत थोडी वाढलेली, किंवा शेजारच्या ग्रंथींपर्यंत पोचलेली. तिसरीत आसपास जास्त पसरलेली. चौथीत दूरच्या अवयवात गेलेली. दुसरीत सापडलेल्या बहुतेकजणी बऱ्या होतात, म्हणाल्या. पण कोणा एकीचं भविष्य आकड्यांवरून सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. मी चार महिने गाठ चाचपत गिऱ्हाइकांची पोलकी शिवत बसले. हंगाम आटपू दे, म्हणत. तू रागावून पाठवलंस म्हणून गेले.

आता तुझं. बघू नको म्हणालीस, म्हणून आधी मागचंच वाचलं. चार पानं, चार महिने. कापसाचा गठ्ठा: फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये दोन, एप्रिलमध्ये दोन, मेमध्ये तीन. घरात कुणाला जखम नाही, तान्हं मूल नाही. तुझं बंद होऊन नऊ वर्षं झाली. ताई, हा कापूस कुणाला लागतो?

माझं ऑपरेशन बुधवारी. त्याआधी उत्तर दे.
तुझीच धाकटी

१३ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

कापूस देवाच्या वातींसाठी. तुझ्यासाठी जास्त दिवे लावते, तर तू माझ्यावरच फौजदारकी करतेस! तुझ्या ऑपरेशनकडे बघ. माझं काही नाही.
ताई

२० जून, वॉर्डातून

ती. ताईस पडल्या पडल्या नमस्कार.

गाठ काढली. डावा हात वर जात नाही, पण लिहायचा उजवा आहे, तेव्हा सुटका नाही तुझी.

दिवे वाढले, मग दिव्याचं तेल चारही महिने अर्धा लिटरच कसं? ताई, तू हिशेबात कधी खोटं लिहीत नाहीस. पत्रात लिहितेस.

मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. पाळी बंद झाल्यावर वर्ष उलटलं की पुढे रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासायचं, म्हणाल्या. बऱ्याचजणींत साधंच काही निघतं. पण ज्यांच्यात तसं नसतं, त्यांना लवकर आल्याचा फार उपयोग होतो. भावोजींना सांगवत नसेल तर सुनेला सांग. हिशेबाची चारही पानं सोबत परत पाठवते आहे, ती दाखव.

तू दाखवून येईपर्यंत मी टाके काढू देणार नाही. शिवणारी बाई आहे मी, टाक्यांना भीत नाही.

रागावलीस तरी माझीच राहा.
धाकटी

२ जुलै

चि. हट्टी धाकटीस आशीर्वाद.

गेले एकदाची. या वयात हे कुणापुढे बोलायचं, याचीच लाज होती. सुनेला सांगितलं, तर ती चपला घालून दारात उभी राहिली. तपासायला आतला तुकडा घेतला. काल रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे, धाकटे.

स्कॅनमध्ये तो गर्भपिशवीच्या आतच दिसतो. पहिली स्टेज असावी असा अंदाज आहे. नक्की काय ते पिशवी काढून तपासल्यावर सांगतील. कधीपासून त्रास, असं इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी तू परत पाठवलेली पानं पुढे केली. त्यांनी चारही चाळली. मग म्हणाल्या, इतकं चोख लिहून ठेवणारी बाई इतकी उशिरा कशी आली? तरी अजून उशीर केला नाहीत, म्हणाल्या. ते तुझं पुण्य.

ऑपरेशन चौदा तारखेला. देवापुढे बसले. तुझे टाके निघू देत, एवढंच म्हटलं.

या पत्रासाठी कोरा कागद विकत आणला. उलटून बघ, मागे काही नाही. मला भीती वाटते. टाके काढलेस का, आणि तेराला इथे यायची तुला परवानगी मिळेल का, ते उलट टपाली कळव.

तुझी ताई