ओळखीतलं इंजिन

पांढुर्णा, मंगळवार

ती. वंदनाताईंना छायाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून यंदा कागदावरूनच). बैतूलला ऊन कसं आहे, तुमची शुगर काय म्हणते, सगळं कळवा. इकडे आम्ही ठीक. म्हणजे मी ठीक. तुमचे बंधू गाडीखाली आहेत.

गाडीचं तुम्हाला कळलंच असेल. ठेवायची की विकायची ते ताई ठरवेल, असं म्हणून हे मोकळे झाले आणि आता रविवारी येणाऱ्या तुमच्या फोनची वाट पाहून राहिले. तेव्हा निकाल देण्याआधी माझी बाजू ऐका.

शाळेतून रिटायर झालेला माणूस शेगावला जाऊन येतो, नाहीतर मोतीबिंदू काढून घेतो. ह्यांनी सौंसरच्या दादाराव मिस्त्रीकडून राहायची गाडी आणली. जुनी व्हॅन, आत पलंग, शेगडी, पंखा, नळासकट बेसिन. (नळ उघडला की आधी झुरळ येतं, मग पाणी.) इंजिन मूळचं नाही, हे दादारावानं लपवलं नाही. "इंजन बदललं हाय सर, पण ओळखीतलं हाय," एवढंच म्हणाला. तुमच्या भावाला वाटलं, एखादं स्थळ ओळखीतलं असतं तसं, म्हणजे खात्रीचं.

ते निघालं पाण्याच्या टँकरचं. कितीतरी उन्हाळे त्यानं आपल्या भागात पाणी वाटलं, आणि त्याचं ते खोकत खोकत येणं बायकांच्या कानात पक्कं बसलेलं. पहिल्या दिवशी आम्ही घराकडे वळलो तर अख्खी गल्ली गुंड-बादल्या घेऊन बाहेर. (शेजारची पूनमसुद्धा, जिच्या अंगणात बोअर आहे.)

मागच्या रविवारी हे म्हणाले, तिगावपर्यंत फिरून येऊ. रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही उभे, इंजिन चालूच, कारण बंद केलं तर पुन्हा लागेल याची हमी दादारावही देत नाही. मालगाडी जाईस्तोवर आमच्यामागे गुंड-बादल्या घेतलेल्या बायकांची रांग लागली. हे उतरून त्यांना समजावू लागले, हा टँकर नव्हे. ह्यांनी समजावलं की खरी गोष्टही खोटी वाटते, हे मी तुम्हाला काय सांगू. त्यात मी आत कप विसळला आणि बेसिनचं पाणी खालून रस्त्यावर सांडलं. झालं! पाणी असून नाही म्हणून राहिले, मास्तर असून खोटं बोलून राहिले, असा एकच गलका. मग काय करता? टाकी रिकामी होईपर्यंत मी लोट्यानं पाणी वाटलं.

पंचफुलाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा नंबर यायला आणि टाकी आटायला एकच गाठ पडली. ती तणतणत आत चढली, पलंगावर बसली, उशी दाबून पाहिली आणि मला म्हणाली, "घर घेऊन कुठी चालली माय?"

मला काय माहीत? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तिला म्हणाले, "समुद्र दाखवायला नेऊन राहिलो. हिनं पाहिला नाही."

ताई, समुद्राचं मी एकदाच बोलले होते, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. ह्यांनी ऐकलंच नाही, असं धरून मी आजवर संसार केला. मला त्या बाईसमोर रडू फुटलं. (तिला वाटलं, पाणी संपलं म्हणून.)

फाटक उघडलं तशी गाडी बंद पडली. त्याच बायकांनी धक्का मारून दिला, वर तोंडभर बोलल्याही. तेव्हापासून हे मान खाली घालून आहेत. बायकोची चारचौघांत शोभा केली, ताई हो म्हणाली की विकूनच टाकतो म्हणतात. गाडीचं डिझेल गळतं, छप्पर गळतं, धुरानं माझ्या पातळांना वास येतो. सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे. तुम्ही मोठ्या, योग्य तेच सांगाल.

तुमची भावजय,
छाया

ता.क. योग्य म्हणजे, विकू नको म्हणा. जरा रागावूनच म्हणा, त्याशिवाय त्यांना पटत नाही. मी लिहिलं हे मात्र बोलू नका.

आणखी ता.क. हे वाचून तुम्ही मीही येते म्हणाल, म्हणून आधीच सांगून ठेवते: पलंग दोघांपुरताच आहे.