मामीचे नऊ सेकंद

उधना, सुरत
१२ सप्टेंबर १९९९

चि. गजेंद्र यास मामाचे अ. आ.

वि. वि. मी बरा आहे. सोनाली दर रविवारी चलथाणच्या सासरहून येते, डबे भरून ठेवते आणि जाताना मला रागावते. भाचा मुंबईच्या स्टुडिओत गेल्यापासून त्याचे हात पत्र लिहायला जड झाले, असं तुझी मामी म्हणायची. आता तिच्या वतीने मी म्हणतो.

काम असं आहे. कार्तिकात मामीचं वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला तिचा एकही फोटो घरात नाही. सोनालीच्या लग्नात व्हिडिओ होता म्हणून फोटोवाला केलाच नव्हता. कॅसेटला बुरशी धरू लागली, तेव्हा उन्हाळ्यात मी तिची सीडी करवून घेतली. दुकानवाला म्हणाला की दोन लागतील, पहिली अंतरपाटापाशी संपेल. मला ते पटेना. अंतरपाट धरलेला, आणि लग्न तिथेच तोडून उरलेलं दुसऱ्या तबकडीवर? मी एकीतच बसवायला सांगितलं. तो थई जशे, होऊन जाईल म्हणाला, आणि बसवलं त्याने.

त्या सीडीत जी माणसं बसून आहेत ती ठीक दिसतात. तुझी मामी मात्र कुठे बसलेलीच नाही. वाढते, धावते, कुणाला तरी हाक मारते, आणि ती आली की तिच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. तीस वर्षं लूमवर चौकडीचं कापड पाहिलं, हे तसंच.

डीव्हीडी नावाची नवी तबकडी आली आहे, तिच्यात चित्र आरशासारखं दिसतं म्हणे. सीडी रजिस्टरने पाठवतो. नव्या तबकडीवर घालून चेहरा तेवढा काढून दे.

पारोळ्याच्या शाळेत गुरुजींनी घोकून घेतलेल्या कविता मला अजून चालीसकट येतात, एक ओळ गळत नाही. तिचं नाक कसं होतं ते आठवत नाही. सोनालीला हे सांगू नकोस.

मायेत उणं पडू देऊ नये.
छगन

अंधेरी, मुंबई
२८ सप्टेंबर १९९९

ती. मामांना गजेंद्रचा सा. न. वि. वि.

हात जड झाले हे खरं आहे. सीडी मिळाली. साहेबांना विचारून ती डीव्हीडीवर घालून पाहिली. चित्र सुधारलं नाही, उलट चौकोन जास्त ठसठशीत दिसू लागले. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं तरी ते पाणी घातलेलंच राहतं, तसं आहे हे. दोन सीड्यांचं लग्न एकीत कोंबताना यंत्राने जे हलत नाही ते ठेवलं आणि जे हलतं ते टाकून दिलं. टाकलेलं त्या सीडीत कुठेच नाही, तर मी काढू कुठून?

मूळ कॅसेट पाठवा. बुरशी असली तरी चालेल. फीत मी हाताने पुसून घेईन, चेहरा मिळेल. दोन सीड्यांनी सोनालीताईचा संसार मोडला नसता, हे मात्र भेटल्यावर बोलेन.

जीव लावता तसाच लावत राहावे.
आपला गजेंद्र

उधना, सुरत
७ ऑक्टोबर १९९९

चि. गजेंद्र यास अ. आ.

वि. वि. कॅसेट आहे, पण तिच्यात लग्न नाही. शेजारी दगा राहतो, त्याच्या नातवाचं जाऊळ होतं. व्हिडिओवाल्याने कॅसेट आपली आणा म्हणून सांगितलं, दगा माझ्याकडे आला. सीडी झाली होती, मी कॅसेट दिली. सीडी तेव्हा नीट पाहिली नव्हती.

तुझं पत्र आल्यावर दगाच्या घरी जाऊन कॅसेट पाहिली. मुलगा रडतो, न्हावी हसतो, आत्या मांडीवर घेते. मागे थोडं लग्न उरलं असेल म्हणून शेवटपर्यंत बसलो. शेवटी नुसते पांढरे ठिपके होते. दगाच्या बायकोने, मंगलाबाईने, दुसरा पेढा दिला, तो खाल्ला. दगाला वाटलं, मला त्याच्या नातवाचं फार कौतुक. तसं वाटू दिलं.

आता त्रास घेऊ नकोस. ओढ असू दे.
छगन

अंधेरी, मुंबई
१ नोव्हेंबर १९९९

ती. मामांना सा. न. वि. वि.

सीडी पुन्हा सगळी पाहिली, थांबवत थांबवत. मामी एकदाच नऊ सेकंद हललेली नाही. पाठवणीची गाडी निघून गेल्यावर मांडवाच्या दाराशी उभी आहे. तिथे चौकोन नाहीत. पण तोंड रस्त्याकडे आहे, आपल्याला पाठ दिसते. त्याचा फोटो करून पाठवतो आहे. एवढंच जमलं.

रागवावे, पण दूर करू नये.
गजेंद्र

उधना, सुरत
१४ नोव्हेंबर १९९९

चि. गजेंद्र यास अ. आ.

वि. वि. फोटो पोचला. पाहताक्षणी ओळखली. पाळीवरून घरी यायचो तेव्हा ती स्टोव्हकडे तोंड करून भाकरी थापत असायची, मागे न बघता हातपाय धुवा म्हणायची. म्हणजे मी तिला जास्त करून अशीच पाहिली आहे. तू चुकीचा फोटो पाठवला नाहीस.

फ्रेम करून आणली. खिळा सोनालीनेच ठोकला. श्राद्धाच्या सकाळी फ्रेम पुसली, हार घातला. हातात कुंकवाचा करंडा घेऊन ती फोटोसमोर उभी राहिली आणि कुंकू कुठे लावायचं म्हणून मला विचारलं.

तुला सुचलं तर कळव.

छगन