तीनदा हाक मारणारं यंत्र

गुरुजी, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या सोलापुरात टेलिफोनसुद्धा मोजक्या घरांत होता, त्यामुळे मी कसल्या निवडीत अडकलो होतो ते जरा दमानं सांगावं लागेल. मी ज्या धर्मादाय दवाखान्याच्या समितीवर आहे, तिथं आता रक्ताच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं संगणकावरून फिरतं. मधल्या खोलीत सर्व्हर नावाची पेटी आहे, तिच्यापासून प्रत्येक वॉर्डातल्या हिरव्या दिव्याच्या छोट्या पेटीपर्यंत तारा गेल्यात. कुठं काही बंद पडलं की रिपोर्ट पोहोचत नाही आणि डॉक्टर खोळंबतात. बाळंतिणींच्या वॉर्डात रोज दुपारी नेमकं हेच व्हायचं. म्हणून या सगळ्यावर नजर ठेवणारं, दवाखान्याला परवडणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि निवड आली माझ्यावर. जन्मभर कविता शिकवलेल्या मास्तरावर!

पर्याय दोन होते. एक पुण्याच्या कंपनीचं, देखणं पण ऐपतीबाहेरचं. दुसरं फुकट मिळणारं, पण आपलं आपण बसवायचं. ते मी बसवते, म्हणाली आमच्याकडची संगणक बघणारी मुलगी. चादरी विणणाऱ्या घरातली. घरी तेलुगू, आमच्याशी अस्सल सोलापुरी. अध्यक्षांचा हिशोब सरळ होता, "कंपनीला दिलं तर हिला कशाला ठेवायचं? हिचा पगार तिकडं वळवू." म्हणजे कागदावर निवड सॉफ्टवेअरची, खरी निवड तिच्या नोकरीची. "एक महिना द्या की सर," ती म्हणाली. "नाही जमलं तर मीच राजीनामा देते, तुम्हाला वाईटपणा घ्यायला नको." मी नुसतं "बघू" म्हणालो. तिनं त्यालाच होकार समजून काम सुरू केलं.

"हे करतं तरी काय गं?" मी एकदा विचारलं. "काय नाही सर, दर मिनिटाला प्रत्येक मशिनला हाक मारतं. ओ दिली तर गप्प. नाही दिली की माझ्या फोनवर मेसेज." "एकदा नाही दिली की लगेच?" "छे हो! कंपनीनं दाखवायला आणलेलं तसंच करत होतं. दिवसभर नुसता ठणाणा, मग कोण लक्ष देतंय? मी तीनदा हाक मारायला लावलंय."

गुरुजी, मी तिथंच हरवलो. सातवीचा वर्ग आहे, मी मॉनिटर म्हणून हजेरी पुकारतोय, तुम्ही खिडकीशी पाठमोरे उभे आहात. एका नावाला उत्तर येत नाही, मी फुली मारून पुढं जातो, आणि तुम्ही वळता. "आलेल्यांची हजेरी कुणीही घेईल रे. तीनदा हाक मार. तरी ओ आली नाही तर मधल्या सुट्टीत त्याच्या घरी जाऊन ये." रडवेला होऊन मी गेलो. वडिलांना ताप, म्हणून तो मागावर बसला होता, चादर पुरी करायची होती. त्या संध्याकाळी तुम्ही स्वतः त्याच्याकडे गेलात. मागाचा धोटा इकडून तिकडं पळतोय, आणि त्या खटखटीच्या ठेक्यावर तुम्ही त्याला राहिलेली कविता शिकवताय, हे मी दारातून पाहिलंय. पुढं मी मास्तर झालो तो बहुधा त्या दारात.

आठवडाभरात तिनं बाळंतिणींचा वॉर्डही जोडला, आणि त्याच दिवशी भर दुपारी तिचा फोन वाजला. तिथली पेटी तीन हाकांना गप्प. ती पळाली, मागून माझे गुडघे. बघतो तर आयाबाईंनी पेटीची पिन काढून तिथं विजेची शेगडी लावलेली.

"मावशी, हे काय?" मुलीनं विचारलं.

"काय म्हंजे? ह्या बाळंतीण पोरीचा डबा गार झालाय की. पहाटं गावाकडनं आलेली आमटी तशीच देऊ व्हय? त्ये हिरवं नुसतंच लुकलुकतंय, काम काय करत न्हाय. म्हनून काढते, आन् परत लावते की!"

"अहो, त्या लुकलुकण्यातनंच तिचा रिपोर्ट येतो!"

"आगं बया! मग आदी सांगायचं न्हाय व्हय? लई शिकलेली तू!"

आम्ही इतके दिवस वीज मंडळाला शिव्या घालत होतो. अध्यक्ष मावशींवर तापले, पण मुलगी मध्ये पडली. संध्याकाळपर्यंत तिनं शेगडीसाठी वेगळा पॉइंट काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून आमटीही गरम, रिपोर्टही वेळेवर. महिनाअखेर समितीनं फुकटचं सॉफ्टवेअर कायम केलं आणि तिला तर केलंच. आता कुर्डुवाडीच्या आमच्या छोट्या दवाखान्यातही तीच बसवणार आहे. सकाळी मी तिच्या पडद्यासमोर उगाच बसतो. हिरवे ठिपके ओळीनं उजळतात आणि मला बरं वाटतं.

हे पत्र टाकणार कुठं, वहीतच राहील. म्हणून तिला न सांगितलेलं तुम्हाला सांगतो. पुण्याच्या त्या माणसानं बोलण्याची सुरुवातच कवितेच्या चार ओळींनी केली होती, चालीवर, डोळे मिटून. मी विरघळलो. ती महिना मागायला आली तेव्हा कंपनीला होकार देणारा कागद माझ्या खणात होता, सहीसकट. शेगडीच्या दिवशी घरी आणून फाडला. आणि गुरुजी, त्या चारातल्या दोन ओळी त्यानं चुकीच्या म्हटल्या होत्या. मला तेव्हाच कळलं होतं, तरी सही केली.